बंब्याला दिलेले आठ दिवस

“हात काढ आधी त्यातनं,” आत्याबाई म्हणाल्या. “भांडी घासल्यागत काय उकरालीस? मांजर काय भांडी घासतं व्हय?”

मी घमेल्यातून हात काढला. कोपरापर्यंत राखेनं माखलेला. समोर दोन पिल्लं बसली होती, महिना-दीड महिन्याची, आणि दोघंही माझ्याकडं अशी बघत होती की या बाईचं काहीतरी बिनसलंय.

“दोन बोटांनी उकर. हलकं. त्यांचा पाय धरायचा न्हाई. भ्याली तर परत घमेल्याकडं फिरकायची न्हाईत. आपण उकरायचं, त्यांनी बघायचं. दूध पिलं की आणून ठेव, झोपून उठली की आणून ठेव, खेळून दमली की आणून ठेव. आन चुकीच्या जागी केलं तरी वरडायचं न्हाई.”

“मी कशाला ओरडू?” मी म्हटलं. “ओरडणारे बारा वाजता येतात.”

आत्याबाई हसल्या आणि हसता हसता त्यांना धाप लागली. मी तशाच राखेच्या हातानं त्यांची पाठ चोळली. त्यांच्या पांढऱ्या चोळीवर माझा पंजा उमटला, तर म्हणाल्या, “बघ, मलाबी मांजर केलंस.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या लग्नाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं परसू. हंगाम सुरू झाला की चिमणीतून बारीक काळी राख दिवसभर कॉलनीवर पडायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, पापडांवर राख, डोक्यात राख. माझे सासरे, म्हणजे मामंजी, बॉयलरवर होते. तीस वर्षं भट्टीच्या आवाजात काढलेली, त्यामुळं घरातसुद्धा माणूस ओरडूनच बोलायचा. ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजारच्या सुंदराकाकू दारात येऊन बघायच्या, काय झालं म्हणून.

माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, हे आधी सांगते. पण माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात एकदा भाकरी गार होती म्हणून त्यांनी ताट भिरकावलं. ताटाची कड आत्याबाईंच्या भुवईवर लागली. तीन टाके पडले. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, माळ्यावरचा डबा पडला. मामंजी तिथंच बाजूला उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तेव्हापासून पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की मी तवा तापवायला घ्यायची आणि ते जेवून झोपेपर्यंत भिंतीला लागून उभी राहायची. आत्याबाईंना ते ‘अगं ए’ म्हणायचे. नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

दिवाळीपासून आत्याबाईंच्या अंगात पाणी झालं होतं. पाय सुजले, मग पोट. डॉक्टर माझ्या नवऱ्याला, दिनकरना, बाजूला घेऊन म्हणाले, जे खावंसं वाटेल ते द्या. आणि आत्याबाईंनी मागितलं काय, तर मांजर! कारखान्याच्या आवारात एक मांजरी उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती आणि तिची दोन पिल्लं चिपाडाच्या ढिगामागं ओरडत होती, हे दिनकरनी जेवताना सहज सांगितलं. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, “आण जा की.” दुसऱ्या दिवशी दिनकरनी डब्याच्या पिशवीतून दोन्ही आणली.

मादी पांढरी होती, तिचं नाव साखरी. बोका करडा, पोट पाणी तापवायच्या बंबासारखं गोल, तो बंब्या.

मामंजींनी आल्याआल्याच पिल्लं पाहिली, आणि आम्ही काही सांगायच्या आत बंब्यानं त्यांच्यासमोर, खोलीच्या मधोमध, फरशीवर पाणी केलं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मला वाटलं, आता ते पिल्लू भिंतीवर आपटणार.

“ह्यांना कुणी आणलं?”

“मी आणायला लावली,” आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी बराच वेळ त्यांच्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “आठ दिस देतो. आठ दिसांत शिकली तर ऱ्हाऊ देत. त्याच्यानंतर एक थेंब जरी फरशीवर दिसला, तर पोत्यात घालून कालव्यात. मग रडायचं न्हाई.”

ही नुसती धमकी नव्हती. सहा वर्षांपूर्वी आत्याबाईंची मनी नावाची मांजर होती. तिनं मामंजींच्या अंथरुणात पिल्लं घातली, म्हणून त्यांनी खरंच तिला पोत्यात घातलं होतं, पिल्लांसकट. हे मला आत्याबाईंनी अगदी कोरडेपणानं सांगितलं, भाजी काय केली ते सांगावं तसं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “पोतं पण घरातलंच नेलं, माझ्याकडनं मागून. मी दिलं.”

म्हणून हे घमेलं. बॉयलरची चाळलेली राख त्यात चार बोटं पसरलेली. पिल्लांना चढता येईना म्हणून बाजूला वीट लावलेली. खाटेवरून आत्याबाई हुकूम सोडायच्या आणि मी पळायची. घाण झालेली जागा फिनेलनं पुसू नकोस, त्याच्या वासानं ती बावचळतात. घमेल्यातली सगळी राख एकदम बदलू नकोस, चिमूटभर जुनी ठेव, वासाला. परसाकडं नेऊन सोडू नकोस, कुत्री हाईत.

साखरी दुसऱ्याच दिवशी शिकली. मी दोन बोटांनी उकरलं, तिनं मान वाकडी करून पाहिलं, घमेल्यात उतरली, बसली, झालं की झाकलं, आणि मागं वळून न बघता निघून गेली. आत्याबाईंनी मला खाटेशी बोलावून माझ्या गालावरून हात फिरवला, जणू काही ते मीच केलं होतं.

बंब्या मात्र बंब्याच. तो घमेल्यात बसायचा, राखेत लोळायचा, शिंकायचा, बाहेर यायचा आणि मग दाराआड जाऊन करायचा. मी फडकं घेऊन त्याच्या मागं. दिवसातून दहादा फरशी हुंगत फिरायची, अक्षरशः गुडघ्यावर. सुंदराकाकू म्हणाल्या, “रंजना, तुला काय डोहाळे लागले का गं?”

पाचव्या दिवशी बाराचा भोंगा वाजला आणि मी पाहिलं, तर मामंजींच्या घडी घालून ठेवलेल्या खाकी पँटवर बंब्या बसलेला, डोळे अर्धे मिटून. मी धावले. उशीर झाला होता.

कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंत त्यांना दहा मिनिटं लागायची. मी पँट मोरीत धुतली, पिळली, परत धुतली. दोरीवर टाकते तोवर दारात चपला वाजल्या.

“पँट का धुतलीस? ती धुतलेलीच हुती.”

“डाळ सांडली,” मी म्हटलं.

ते दोरीपाशी गेले. पँटचा ओला पाय हातात धरून उजेडात बघितला. “डाळ सांडली, आन हळदीचा डाग न्हाई?”

खरं सांगते, त्या क्षणी मला पिल्लाची नाही, माझीच काळजी वाटली.

“पाणी सांडलं माझ्या हातनं,” खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या. “औषधाचं. तिला म्हटलं, वास येईल, धुऊन टाक. तुमाला भ्याली म्हणून डाळ म्हणाली. काय तेवढ्यावरनं?”

मामंजींनी पँट सोडली. खाली बघितलं. बंब्या त्यांच्या चपलेचा पट्टा चावत होता.

“तीन दिस राहिले,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या दुपारी ते झोपल्यावर आत्याबाईंनी मला जवळ बसवलं. आवाज अगदी खाली गेलेला. “माझं काय खरं न्हाई आता. पण ही पोरं जायला नकोत, रंजे. एकदा मी पोतं दिलं. आता तू देऊ नकोस. एवढं बघशील?”

“बघेन,” मी म्हटलं. म्हणायला काय जातं! पण बघणार कशी, ते मला माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी बंब्या शिकला. कसा, ते त्यालाच ठाऊक. सकाळी दूध पिऊन उठला, विटेवर चढला, राखेत उतरला, दोन्ही पायांनी खसाखसा उकरलं, बसला आणि वर राखेचा एवढा ढीग रचला की अर्धी राख बाहेर. मी आणि आत्याबाई एकमेकींकडं बघून तोंडावर पदर धरून हसत सुटलो. दिवसभर तो तिथंच जात राहिला. राख दिसली की उकरायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मी चुलीपुढची राख भरायला घेतली तर तिथंही येऊन उकरायला लागला.

सातव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आत्याबाई गेल्या. मी पेज घेऊन आले आणि हाक मारली. साखरी त्यांच्या पायाशी झोपली होती, तिनं मान वर केली. त्यांनी केली नाही.

मामंजींना पाळीवरून बोलावून आणलं. अंगावर कोळशाचे डाग, हातात टोपी. ते दारातच थांबले, आत यायला त्यांना वेळ लागला. रडले नाहीत. सगळं दिनकर आणि कॉलनीतली माणसं करत होती, हे नुसते भिंतीशी उभे. एकच्या सुमाराला पुरुष आत्याबाईंना घेऊन नदीकडं गेले.

मागं आम्ही बायका. सुंदराकाकूंनी घर ताब्यात घेतलं. फरशी धुतली, अंथरूण बाहेर काढलं आणि कुणीतरी घमेलंही उचललं. “असल्या दिवशी घरात राख कशाला ठेवलीया?” म्हणून उकिरड्यावर रिकामं केलं. मी बघत होते.

मग काकूंनी तांदळाचं पीठ मागितलं. आमच्याकडं पद्धत आहे. माणूस जिथं गेलं तिथं पीठ पसरतात, उशाला दिवा लावतात आणि पिठावर टोपली पालथी घालतात. पुरुष माती देऊन परत आले की टोपली उचलून बघायचं. पिठात ज्याच्या पावलाची खूण, त्या जन्माला ते माणूस गेलं. काकूंनी पीठ हातानं सारखं केलं आणि टोपलीची एक कड खड्यावर टेकवली. “जिवाला आत यायला वाट नको?” म्हणाल्या. मला म्हणाल्या, “तू सून. तू दिव्यापाशी बस. दिवा जाऊ द्यायचा न्हाई, आन टोपलीला हात लावायचा न्हाई. हात लागला तर तिची वाट मोडती.”

बाकीच्या बायका नळावर अंघोळीला गेल्या. पिल्लं मी स्वयंपाकघरात कोंडली होती. दिव्यापाशी बसले आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. वन्सं आल्या, मामंजींची मुलगी शकू, मिरजेहून. आई गेल्याचं त्यांना वाटेतच कळलं असावं. अंगणातच त्यांना भोवळ आली. मी तांब्या घ्यायला स्वयंपाकघरात शिरले, पाणी घेतलं, पळत बाहेर गेले, त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, ओसरीच्या खांबाला टेकवून बसवलं. दार लावायचं राहिलं, हे मला आत येताना कळलं.

टोपलीच्या उघड्या कडेखालून करडी शेपूट बाहेर आली होती.

मी पुतळ्यासारखी उभी. शेपूट थरथरली, मग आतून तो ओळखीचा आवाज, खसाखसा. मग बंब्या मागं मागं सरकत बाहेर आला. मिशा पांढऱ्या, चारी पाय पांढरे. माझ्याकडं बघून म्याव केलं. घमेलं गेलं म्हणून दुसरं शोधलं त्यानं बिचाऱ्यानं, आणि त्याच्या दृष्टीनं अगदी बरोबर जागी केलं.

मी टोपली उचलली. नको म्हटलेली टोपली! मधोमध खड्डा, त्यावर रचलेला ढीग, आणि भोवती पावलंच पावलं. आता मामंजी येणार, टोपली उचलणार, बायकोच्या जाण्याच्या जागेवर ही घाण बघणार. पोतं तर ठरलेलंच. पण त्याहून वाईट एक गोष्ट मनात आली. त्या पिठात खरंच आत्याबाईंची काही खूण उमटली असेल, तर? ती आता कुणालाच कळणार नव्हती.

कॉलनीच्या फाटकाजवळ पुरुषांचा आवाज आला.

मी ओला गोळा मुठीत उचलला. दुसऱ्या हातानं पीठ ओढून खड्डा भरला, सारखं केलं. घाईत मधलं जमलं, पण कडेची पावलं तशीच राहिली, चार-पाच, स्पष्ट. टोपली पालथी घातली. बंब्याला मानगुटीला धरून स्वयंपाकघरात टाकलं, कडी घातली. हात धुवायला मोरीकडं वळले तर दारात सुंदराकाकू. “दिव्यापासनं उठलीस का गं? बस, बस. आले सगळे.”

मी बसले. उजवी मूठ मिटलेली, पदराखाली.

पुरुष आत आले. काकूंनी प्रत्येकाला कडुलिंबाची पानं दिली. माझ्यापुढंही धरली. मी डावा हात पुढं केला. “डावा काय करतीस?” त्या खेकसल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं दुःखानं बाई भांबावलीय, पानं माझ्या मांडीवर टाकून पुढं गेल्या. मुठीतून पाणी झिरपायला लागलं होतं. मला वाटत होतं, वास सगळ्या खोलीत भरलाय.

“टोपली मी उचलतो,” मामंजी म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य, आणि ते हळू बोलले.

त्यांनी टोपली उचलली. कुणीतरी दिवा जवळ नेला.

“मांजर,” दिनकर म्हणाले.

वन्सं ओरडल्या, “आई गं!” आणि जमिनीवर डोकं टेकवलं. काकू वाकून बघायला लागल्या. मी मूठ आणखी आवळली. त्या मान हलवत म्हणाल्या, “मांजरच. त्यात काय शंका न्हाई. मांजर होऊन आली म्हंजे तिचं घरात काहीतरी राहिलंय. कुणाकडं तरी बघायचं राहिलंय तिला.”

मामंजी खाली बसले. बसले म्हणजे पाय मोडल्यासारखे बसले. टोपली त्यांनी छातीशी धरली होती आणि ते ती खाली ठेवत नव्हते. त्या माणसाला भ्यालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते एकटक बघत होते, पिठाकडं नाही, बंद दाराकडं, ज्याच्यामागं बंब्या नखांनी लाकूड खरवडत होता.

त्या दिवशी कालव्याचं नाव कुणी काढलं नाही. आठवा दिवस गेला, नववा गेला. बंब्या आणि साखरी सुरक्षित होती आणि मी आत्याबाईंना दिलेला शब्द पाळला होता. मला बरं वाटायला हवं होतं.

पण मामंजींचं काहीतरी भलतंच झालं. बोका असला तरी त्या वेळी दार खरवडणारा तोच, म्हणून सगळ्यांनी बंब्यातच आत्याबाई आल्या असं धरलं. बंब्या खुर्चीवर बसला तर ते उभेच राहायचे. तो समोरून आला तर भिंतीला लागून वाट द्यायचे, मी त्यांना बघून उभी राहायची, अगदी तसे. पिल्लांनी दूध प्यायल्याशिवाय ताटाला हात नाही. एकदा बंब्यानं त्यांच्या गोधडीवर पाणी केलं. मी फडकं घेऊन धावले. तर ते उठले, गोधडी स्वतः नळावर नेऊन धुतली आणि कुणाला काही बोलले नाहीत. घरात त्यांचा आवाजच येईना. शेजारपाजारच्या बायका पिल्लाच्या पाया पडून जायच्या, तेव्हा ते तोंड फिरवून बसायचे. गालफडं बसली. अर्धी भाकरी ताटातच राहायची. दिनकर म्हणाले, आईमागं हे पण जातात बहुतेक.

आणि हे सगळं मी केलं होतं. एका मुठीनं.

आत्याबाई गेल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी दिनकर आणि वन्सं तेराव्याच्या सामानाला बाजारात गेले. मी परसात धुणं घालत होते. खिडकीतून आवाज आला. मला वाटलं, कुणी पाहुणा आला.

“अनसूया,” मामंजी म्हणत होते.

कुणाला हाक मारतायत, हे मला आधी कळलंच नाही. खिडकीतून पाहिलं. बंब्या आत्याबाईंच्या खाटेवर पसरला होता. मामंजी खाली फरशीवर बसलेले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

“अनसूया, ते ताटाचं,” ते म्हणाले. गुडघ्यावरची टोपी उलटी केली, परत सुलटी केली. “लई दुखलं व्हतं काय? मी इचारलंच न्हाई. डाक्टरनी इचारलं, तू डबा म्हणालीस. मी तितंच हुतो. मला म्हणता आलं असतं, मी केलं म्हणून. आन त्या मनीचं. तू पोतं आणून दिलंस, तवा तुझं तोंड मी बघितलंच न्हाई.”

बंब्यानं जांभई दिली. मामंजी दचकून मागं सरले.

मला ते बघवेना. त्या माणसाला मी इतकी भ्याले होते, सव्वा वर्ष भोंग्याचा धसका घेतला होता, आणि तो असा एका मांजराच्या पिल्लापुढं कापत बसलेला. मी न सांगितलं तर हा माणूस भीतीनं मरणार. सांगितलं तर बंब्या मरणार, साखरी मरणार, आणि माझं काय होईल ते देव जाणे. मी धुण्याची बादली खाली ठेवली. आत गेले. दाराची चौकट धरून उभी राहिले.

“मामंजी.”

त्यांनी घाईनं टोपी डोक्यावर घातली. “काय?”

“पिठातली ती पावलं बंब्याची होती,” मी म्हटलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “घमेलं टाकून दिलं होतं, त्याला जागा सापडेना, तो टोपलीखाली शिरला. त्यानं पिठात केलं. मी टोपली उचलली, पीठ सारखं केलं. घाण माझ्या मुठीत होती, तुम्ही टोपली उचलली तेव्हा. आत्याबाई मांजरबिंजर काही झाल्या नाहीत. तुम्ही त्याला भिऊ नका. काय करायचं ते मला करा, पण पिल्लांना पोत्यात घालू नका. मी आत्याबाईंना शब्द दिलाय.”

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांचे हात बघत होते, कधी उठतात म्हणून.

“दिनकरला सांगितलंस?”

“नाही.”

“शकूला? त्या सुंदराला?”

“कुणालाच नाही.”

ते खाटेच्या कडेला हात टेकून उठले. मी चौकट आणखी घट्ट धरली. त्यांनी हात लांब केला, बंब्याच्या डोक्यावर ठेवला, घाबरत घाबरतच, आणि ठेवलेला तसाच राहू दिला.

“मग मलाबी सांगितलं न्हाईस तू,” ते म्हणाले. “समजलं?”

“पण मामंजी...”

“चाळीस वर्सं झाली लग्नाला. एकदाबी तिला नावानं हाक मारली न्हाई मी. लाज वाटायची. आता कुठं तोंडातनं निघाया लागलंय.” त्यांनी बंब्याकडं बघितलं. “ती ऐकत असंल तर ऐकंल. न्हाईतर ह्यो ऐकंल. पर मला बोलू दे, पोरी. एवढं काढून घिऊ नगंस.”

मी मान डोलावली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. स्टोव्ह पेटवेपर्यंत बाहेरून त्यांचं बोलणं परत सुरू झालं, मघाच्यापेक्षा जरा मोठ्यानं, मला ऐकू येईल असं.